ओहोटी लागली की निघा

माझा नवरा गेला त्या दिवसाचा क्रम मला अजून नीट लावता येत नाही. तो पहाटे गेला, हे नक्की. संध्याकाळच्या आत त्याला आम्ही समुद्रावरच्या स्मशानात नेलं, हेही नक्की. मधलं सगळं पाण्याबद्दल आहे. ते कुठे चढलं, कुठे उतरलं, कोणी कोणाला काय सांगितलं. घरात माणूस गेला की येणारे-जाणारे त्या माणसाबद्दल बोलतात. आमच्याकडे त्या दिवशी सगळे पाण्याबद्दल बोलत होते. कारण एकच होतं. माझ्या सासूबाई तलासरीच्या पलीकडे लेकीकडे गेल्या होत्या, आणि त्यांना मुलाचं तोंड शेवटचं बघायचं होतं.

आमचं घर डहाणूला, खाडीपासून फार लांब नाही. मागे चिकूची वाडी, पुढे गल्ली आणि गल्लीच्या टोकाला मच्छीमारांची घरं. मी याच किनाऱ्यावर जन्मले, इथेच दिले गेले, आणि नोकरीही इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. नणंदेला मात्र आत दिलं. तिचे यजमान, म्हणजे आमच्या घराचे जावई, मूळचे घाटावरचे. शिक्षकाच्या नोकरीत बदल्या होत होत ते तलासरी तालुक्यातल्या एका पाड्याजवळ आले आणि तिथेच घर बांधून राहिले. त्या घराच्या अलीकडे एक नदी आहे. उन्हाळ्यात ती म्हणजे नुसते दगड. नदीवर फरशी आहे, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. बाजार, दवाखाना, हायवे, सगळं फरशीच्या या बाजूला. फरशी ओलांडल्याशिवाय त्या घरातून कुठेच जाता येत नाही.

जावई हा आमच्याकडे हौसेने चिडवण्याचा माणूस होता. लग्नानंतरच्या पहिल्या की दुसऱ्या दिवाळीत त्यांनी नवी गाडी कौतुकाने थेट समुद्राच्या वाळूवर नेऊन उभी केली आणि सगळ्यांना घेऊन फिरायला गेले. ओहोटी होती. डहाणूचा किनारा सपाट. पाणी आत जातं तेव्हा इतकं लांब जातं की ते परत येईल असं घाटावरच्या माणसाला वाटतच नाही. ते परत येतानाही लाटा घेऊन येत नाही, मागच्या घळीतून गुपचूप येतं. आम्ही भजी खाऊन वळलो तेव्हा गाडीची चाकं दिसत नव्हती. ट्रॅक्टर लावून ती ओढून काढावी लागली. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत आमच्या घरी जावयांच्या शब्दाला किंमत उरली नाही. ते नुसते पायरीवर हातपाय धुवायला बसले तरी माझा धाकटा दीर ओरडायचा, "जावईबापू, जपून हं! घोट्यापर्यंत आलं!" तेही हसून म्हणायचे, "पाण्याचं तुम्ही सांगा भाऊ. डोंगराचं मला विचारा." डोंगराचं त्यांना कधी कोणी काही विचारलं नाही.

त्या पहाटे नवऱ्याच्या छातीत दुखलं. डॉक्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भिजत आले, तोवर काही उरलं नव्हतं. आषाढाची अमावास्या होती आणि दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. दिरांनी बहिणीला फोन केला. तिने आईंना एवढंच सांगितलं की दादाला बरं नाही, निघायचंय. असं सांगायची रीतच आहे आणि ते ऐकणाऱ्याला खरं काय ते कळतं, हीसुद्धा रीतच आहे. थोड्या वेळाने फोन माझ्या हातात आला. पलीकडे आई होत्या.

"आहे का गं तो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "मी येईपर्यंत हलवू नका. त्याचं तोंड मला बघू दे."

"हो आई," मी म्हटलं. मी त्यांना दिलेला शब्द एवढाच. आम्हाला मूल नाही. अग्नी दीर देणार होते. म्हणजे ज्याच्यासाठी थांबावं असं त्या एकटीशिवाय दुसरं कोणी नव्हतंच.

मग फोन ओरडले. शेजारच्या बायका जमल्या होत्या. त्याला ओसरीवर दर्भावर निजवलं होतं, उशाला दिवा होता. आणि एकाएकी घरातले सगळे फोन एकदम भोंग्यासारखे किंचाळायला लागले. कोणाचा कमरेला, कोणाचा पिशवीत, एक तर त्याचा स्वतःचा, कपाटावर. सरकारची सूचना होती. फोन बंद असल्यासारखा पडलेला असला तरी ती वाजते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. एका म्हातारीने घाबरून राम राम म्हणत कानांवर हात घेतले. मी माझ्या फोनवर ती वाचली. मला छापील काही समोर आलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. लाल इशारा. अतिवृष्टी, वादळी वारे. समुद्रकिनारी जाऊ नये. होड्या पाण्यात घालू नयेत. आवश्यक नसल्यास प्रवास टाळावा. मी 'आवश्यक' या शब्दापाशी बराच वेळ अडकले होते. हा प्रवास आवश्यक होता की नाही, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

त्याच सुमारास जावयांचा फोन आला. दिरांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"भाऊ, आईंना गाडीत बसवलंय. नदीला पाणी आहे, पण फरशी दिसतेय. फरशीच्या खालूनच जातंय. निघू का?"

"तिकडे लाल आलाय का, लाल?"

"इथे नारंगी आलाय. तोही गुजरातीत. आमचे फोन पलीकडचा टॉवर धरतात ना."

"अहो, तुम्ही गुजरातेत राहता का? आपला लाल आहे." दिरांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला सुरुवात केली. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात की भरतीची वेळ निघते. डहाणूला त्यात थोडं मिळवायचं. हे आमच्याकडे मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात. "आज अवस. उधाण आहे. आता पाणी चढायला लागलंय, दुपारपर्यंत चढतच जाणार. तुम्ही इथे खाडीपाशी पोचाल आणि अडकाल. शिवाय स्मशानातही भरतीला पाणी येतं, दुपारपर्यंत आम्हाला तरी कुठे हलता येतंय? तुम्ही असं करा. ओहोटी लागली की निघा. तोवर नदीचंही उतरेल."

"पण इथे आत्ता तर—"

"जावईबापू, पाण्याचं आम्हाला कळतं ना? आईला घेऊन धाडस नको."

पलीकडे गाडीचं इंजिन बंद केल्याचा आवाज आला. मग जावई म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणता तर."

यात कोणाला काही चुकीचं वाटलं नाही. ओसरीवर दहा-बारा माणसं होती. त्यात तांडेल होता, म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारा, होडी चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यानेही मान हलवली. "बरोबर. अवशीचं पाणी. दुपारनंतर सगळं मोकळं." आम्ही किनाऱ्यावरची माणसं. आमच्या गल्लीत पावसाचं पाणी तुंबतं ते भरतीमुळे आणि ओसरतं ते ओहोटीने. रस्ता कधी बंद होईल, लग्नाची पंगत कधी बसवायची, भाजीवाली कधी येईल, हे सगळं आम्ही समुद्राला विचारून ठरवतो. नदी डोंगरातून येते, तलासरीच्या त्या फरशीपर्यंत समुद्राचा हात पोचतच नाही, ही गोष्ट कोणालाही नकाशावर बोट ठेवून सांगता आली असती. पण त्या वेळी ती कोणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही. पाणी म्हटलं की ते भरतीने चढणार आणि ओहोटीने उतरणार. दुसरं पाणी आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

आणि दुपारी दिरांचं सगळं खरं ठरलं. गल्लीत पाणी शिरलं. वाडीतून पिवळी पानं आणि कच्चे चिकू तरंगत पायरीपर्यंत आले. बायकांनी चपला उचलून वर ठेवल्या. कोणीतरी म्हणालं, "बघा, आईंना निघायला सांगितलं असतं तर आत्ता खाडीवर गाडी तरंगली असती." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. मी त्याच्या जवळ बसून पायरीवरच्या पाण्याकडे बघत होते. ते थांबलं की आई निघणार, असं मनात घोकत होते. पाणी एका पायरीवर बराच वेळ रेंगाळलं. मग तिच्यावर ओली कड सोडून खाली गेलं.

"लागली ओहोटी," तांडेल म्हणाला. "लावा फोन."

फोन लागेना. टॉवर गेला होता की बॅटरी, कोण जाणे. गल्ली रिकामी झाली, रस्त्याचा मधला भाग वर आला, तरी फोन लागेना. मला वाटलं, म्हणजे ते निघाले. वाटेत असणार. कोसबाडच्या चढावर रेंज नसते. एव्हाना तिथे असतील. मी उठून आईंसाठी कोरडं लुगडं काढून ठेवलं. चहाचं आधण ठेवायला सांगितलं, मग आठवलं की चूल पेटवायची नसते. शेजारणीने तिच्या घरून करून आणते म्हटलं.

मग जावयांचा फोन आला.

"निघालात ना?" दिरांनी विचारलं.

"भाऊ, फरशी दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्याखाली गेली. तुमच्याशी बोलल्यावर तासा-दीड तासाने वरून लोंढा आला. अजून चढतंय."

"असं कसं चढेल? इथे ओहोटी लागून किती वेळ झाला!"

"इथल्या पाण्याला कोणी सांगितलं नाही वाटतं."

जावयांच्या तोंडून असं वाकडं मी कधी ऐकलं नव्हतं. दिरांनी फोन हातभर लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "पण ओहोटी लागलीय." ते कोणाला सांगत होते, कळलं नाही. त्यांनी पुन्हा पेरं मोजली. पुन्हा तेच उत्तर आलं. हिशेबात चूक नव्हती.

त्यानंतर घरात बोलण्याचा गोंधळ झाला. कोणी म्हणालं, उद्यापर्यंत ठेवू. मीही तेच म्हटलं. पण वीज नव्हती, आणि बर्फ मिळेना. मासेमारी बंद असते त्या दिवसांत बर्फाचे कारखानेही बंद असतात. तांडेलने दोन ठिकाणी फोन करून बघितलं. दिरांचे चुलते म्हणाले, "पुढची भरती रात्री. तिच्या आत उरकायला हवं. अशा हवेत देह ठेवून कोणाचं भलं होणार नाही." जावयांनी व्हिडिओ कॉल लावून द्यायची तयारी दाखवली. मुलगा निदान दिसेल. तो निरोप आईंना दिला तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला. "मला त्याला काचेत बघायचं नाही."

त्या गाडीतच बसून होत्या. सकाळपासून. नणंदेने घरी चला म्हटलं तर उतरायला तयार नव्हत्या. फरशीच्या तोंडाशी गाडी, आत आई.

तांडेल उठला. "माझी लहान होडी आहे. टेम्पोत टाकतो आणि नेतो."

"कुठे?" दिरांनी विचारलं.

"तुमच्या नदीवर. घालतो पाण्यात, म्हातारीला या बाजूला आणतो. किती ती नदी? आपल्या खाडीच्या निम्मीही नसेल."

"अरे, होड्या काढू नका म्हणून सकाळी भोंगे वाजलेत."

"समुद्रात काढू नका म्हणालेत. तलासरीत काढू नका असं कुठे म्हणालेत?"

एवढ्या दुःखातही दोघं-तिघं हसले. मला तर ती कल्पना इतकी पटली की मी उठून उभी राहिले. टेम्पो आला, होडी चढवली, वल्ही बांधली. पावसात टेम्पोवर निघालेली ती होडी डोंगराच्या दिशेने जाताना मी दारातून पाहिली, आणि मला वाटलं, आता आई येणार. मी आत येऊन त्याला सांगितलंही. हळूच, कानाशी. कोणी ऐकलं नसेल.

वाट बघितली. ती किती वेळ, ते सांगता येत नाही. चुलते दर थोड्या वेळाने समुद्राच्या दिशेने बघत होते. शेवटी तांडेलचा फोन आला तो थेट मला.

"वहिनी, पोचलो. म्हातारी पलीकडे दिसतेय गाडीत. पण होडी नाही घालता येत. हे पाणी सरळ नाही, उभंच्या उभं खाली ओढतंय. मोठं झाड गेलं आत्ता समोरून, मुळासकट. मी समुद्रात कधी असं घाबरलो नाही." मग म्हणाला, "हे पाणी आपलं ऐकणारं नाही."

"बरं," मी म्हटलं. मी दुसरं काय म्हणायला हवं होतं, याचा मी पुष्कळदा विचार करते.

उचलायचं ठरलं. मीही जाणार म्हटलं. एरवी आमच्याकडे बायका जात नाहीत, पण त्या दिवशी कोणी अडवलं नाही.

स्मशान सुरूच्या बनाला लागून, वाळूच्या कडेला आहे. पाणी बरंच मागे गेलं होतं, पण वारा असा होता की पायाखालची ओली वाळूसुद्धा उडून तोंडावर येत होती. आणि किनाऱ्यावर गर्दी होती. खवळलेला समुद्र बघायला लोक येतात. त्यांनाही सकाळी भोंगा वाजला असेल, त्यानेच बहुतेक आले असतील. एक होमगार्ड शिट्टी फुंकत त्यांना मागे हटवत होता. दोन तरुण ऐन पाण्याच्या कडेला एकमेकांचे फोटो काढत होते. "भाईसाब, दो मिनट, बस हो गया," ते म्हणत होते. होमगार्ड बिचारा भिजून चिंब, शिट्टीतून आवाजाऐवजी पाणीच येत होतं. आम्ही सुरूतून बाहेर पडलो तसा तो सवयीने आमच्यावरही ओरडला, "ओ, मागे व्हा! समुद्रावर बंदी आहे, फिरायला येऊ नका!"

दिरांच्या खांद्यावर भावाची तिरडी होती. ते थांबले. "साहेब, हा फिरायला नाही आलेला."

होमगार्डने टोपी काढली. मग धावत पुढे जाऊन आमच्यासाठी वाट मोकळी करायला लागला. त्या दोन तरुणांनी फोन खिशात घातले आणि काय करावं न सुचून आमच्याबरोबरच काही पावलं चालले.

चितेवर ठेवल्यावर, शेवटचं दर्शन म्हणून तोंडावरचं कापड बाजूला केलं. शेडला पत्रे होते, पण वाऱ्याने पाऊस आडवा आत येत होता. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला.

"वहिनी, आई बोलतायत," जावई म्हणाले. "मोठ्याने बोला. इथे पाण्याचा आवाज आहे."

"आई."

"कुठे आहेस?"

"समुद्रावर."

"ऐकू येत नाही."

"समुद्रावर!" मी ओरडले. मी ओरडणारी बाई नाही. ग्रंथालयात मी आयुष्यभर लोकांना हळू बोला म्हणून सांगितलं.

"आणलंत त्याला?"

"हो!"

मला वाटलं त्या रडतील, किंवा मला बोल लावतील. मी शब्द दिला होता. पण त्या म्हणाल्या, "तोंडावरचं कापड काढलंय?"

"हो."

"मग सांग मला. कसा दिसतोय?"

"शांत," मी म्हटलं.

"ते सगळ्यांबद्दल सांगतात. नीट बघून सांग."

मी बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. चुलते समुद्राकडे.

"केस ओले झालेत!"

"पुसलेस?"

मी पदराने पुसले. "पुसले!"

"दाढी?"

"सकाळी भाऊजींनी केली!"

"हनुवटीखाली व्रण आहे बघ. लहानपणी ओट्यावरून पडला होता."

"आहे!"

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे!"

"हो, डावीकडेच." त्यांना ते माहीतच होतं. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं, की मी खरंच बघतेय की नाही हे तपासायचं होतं, मला कळलं नाही. "कपाळाला आठी?"

"नाही!"

"ओठ?"

"मिटलेत!"

"हसतोय का?"

मी वाकून बघितलं. वाऱ्याने डोळ्यांत वाळू गेली होती. ओठांची एक कड थोडी वर होती, किंवा तिथे पाण्याचा थेंब होता. जिवंतपणीही तो हसतोय की नाही हे मला कधी कधी विचारावं लागायचं. मी काय बघितलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी ओरडले, "हो! हसतोय!"

स्मशानातल्या माणसांनी माना वळवून त्याच्या तोंडाकडे बघितलं. ते दोन तरुण सुरूपाशी उभे होते, त्यांनीही. दिरांनी तर एकदम पुढे येऊन बघितलं.

"बरं," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता स्पष्ट येत होता. "आता उरका. पाणी यायच्या आत."

दुसऱ्या दिवशी आई आल्या. तोवर फरशी धुतल्यासारखी स्वच्छ वर आली होती, असं नणंद म्हणाली. फक्त एका बाजूला कोणाचा तरी मोडका मांडव येऊन अडकला होता. आईंनी दिरांना काही विचारलं नाही, जावयांना नाही, मलाही नाही. दीरच त्यांच्यासमोर बसून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "पण अवस होती ना गं आई? भरती होती ना?" त्या म्हणाल्या, "होती रे." जावई भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या पायाला चिखल होता, आणि पायरीवर पाण्याची बादली ठेवलेली होती. ते पाय धुवायला उठले तेव्हा कोणी काही बोललं नाही. त्यांनी पाय धुतले, पुसले आणि येऊन पुन्हा बसले.

आता वर्ष उलटून गेलं. आई इथेच असतात, माझ्याजवळ. भेटायला येणारी माणसं अजून येतात. कोणी लांबून, उशिरा कळलं म्हणून येतं. मग आई त्या दिवसाचं सांगतात. आधी त्या मी फोनवर सांगितलं तेच सांगायच्या. केस, दाढी, व्रण, ओठ. हळूहळू त्यात भर पडत गेली. त्याचा उजवा डोळा किंचित उघडा राहिला होता, झोपेत असायचा तसा. हे मी सांगितलं नव्हतं. डोळे मी पहाटे स्वतःच्या हाताने मिटले होते. पण झोपेत त्याचा उजवा डोळा खरंच किंचित उघडा असायचा, आणि आता मी त्या चितेवरचं तोंड आठवायला बसते तेव्हा तो डोळा मला उघडाच दिसतो. मी नीट मिटला नव्हता का? की वाऱ्याने? मी कोणाला विचारणार? दिरांना विचारावं असं एक-दोनदा वाटलं. ते अजून पेरं मोजत असतात.

काही ठिकाणी आईंचं सांगणं माझ्यापेक्षा नेमकं असतं. वारा कुठून होता ते त्या सांगतात. पत्र्यावरून पाणी त्याच्या कुठल्या खांद्यावर गळत होतं ते सांगतात. मला ते आठवत नाही, पण त्यांनी सांगितल्यावर तसंच होतं असं वाटतं.

परवा त्यांच्या माहेरचे एक गृहस्थ आले होते. आई सांगत होत्या, मी चहा देत होते. "तोंडावर पाऊस आला त्याच्या," आई म्हणाल्या, "तर मी पदराने पुसला. असा, कपाळापासून मागे." आणि त्यांनी हवेत हात फिरवला, शिरा वर आलेला, सावकाश. नणंद आलेली होती, तिने चटकन माझ्याकडे बघितलं. मी कपबशी ठेवली. पुसला तो मी. मला पदराचा रंगही माहीत आहे. पण त्या वेळी त्यांच्या हाताकडे बघताना मला दिसला तो तोच हात, त्याच्या ओल्या केसांवरून मागे जाणारा, आणि माझा कुठे होता ते मला आठवेना.

गृहस्थ हळहळले. "म्हणजे तुम्हाला मुलाचं तोंड बघायला मिळालं. तेवढं तरी झालं."

"मिळालं तर," आई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तूही होतीस ना गं तिथे?"

"होते," मी म्हटलं. आणि साखर पुरेशी झाली का, ते त्या गृहस्थांना विचारलं.